काळ्या कागदाखालचा दात

लाखनीत दवाखाना टाकला तेव्हा मी एक्स-रे एकाच तऱ्हेनं पाहत असे. दुखणारा दात शोधायचा, कीड दिसली की फिल्म खाली. पुढे भंडाऱ्याच्या एका ज्येष्ठ दंतवैद्यांनी आम्हा काही जणांना रविवारी बसवून शिकवलं. फिल्म उजेडावर लावली की दुखणाऱ्या दातावर ते आधी काळ्या कागदाचा तुकडा ठेवत. "हा तर पेशंटनंच शोधलाय. तुम्ही बाकीचं सांगा." मग कडेपासून आत यायचं. हाड, मुळं, शेजारचे दात, आणि कागदाखालचा तो दात सगळ्यात शेवटी. सोमवारी माझ्या टेबलावरही काळा कागद आला. वेळ थोडा जास्त लागतो, काम नीट होतं.

त्याच पावसाळ्यात एकोडीची एक बाई गालावर हात धरून आली. खालची दाढ किडलेली. कागद ठेवला आणि नजर फिल्मच्या तळाशी अडली. हाडाची जाळी सगळीकडे सारखी असते, तिथे मात्र वाळवीनं खाल्ल्यासारखी दिसत होती.

मी म्हटलं, दात आज काढायचा नाही. आधी नागपूरला हाड तपासून घे.

"दात दुखून राहिला मॅडम. हाड कोठी दुखते?"

"दुखत नाही, म्हणूनच जा."

"धानाचा रोवना टाकून? काढता येत नसन तं तसं सांगा जी."

बाकावरचे पेशंट हसले. ठणका थांबला की ती नागपूरला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दात तसाच ठेवला; दोनच दिवसांच्या गोळ्या आणि नागपूरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

रोवणी संपली, धान निसवून लोंब्या आल्या, ती आली नाही. दात काढला असता तर जखम दाखवायला तरी आली असती, असं वाटू लागलं. तिचा चेहरा विसरले. ती खाल्लेली जागा मात्र महाप्रसादाच्या पंगतीत कुणी हसलं तरी दिसे.

कापणीनंतर तिचा नवरा एकटाच आला.

"बाजारातल्या दातवाल्याकून दात काढला. दुखनं थांबलं, मंग म्हने कायले जाऊ. आता तोंडच उघडत नाई. नागपूरले भरती हाये. डाक्टरनं पयलेचा फोटो मांगतला."

मी फिल्म काढून दिली. दारातल्या उजेडात धरून त्यानं विचारलं, "कोठी हाये?"

मी बोट ठेवलं. त्यानं फिल्म डोळ्यांजवळ नेली.

"इतलंसंच होतं?"

"तेव्हा," मी म्हटलं.