मयतवाला डायरेक्टर

प्रवीणचा सिनेमा आठवड्यात तयार होतो. बिरवाडीतल्या भाड्याच्या खोल्या हा त्याचा स्टुडिओ, शिफ्ट सुटून आलेले कारखान्यातले कामगार हे त्याचे नट. पोलिसाची वर्दी एकच, त्यामुळे त्याच्या कुठल्याही सिनेमात दोन हवालदार एकत्र दिसत नाहीत. ऐतिहासिक काढायचा झाला की मंडळी रायगडाखालच्या हिरकणीवाडीला जातात आणि मावळ्यांच्या मागून खुशाल रोपवे सरकत जातो. लोक हसतात, पण यूट्यूबवर बघतात. इतके सिनेमे काढलेत की नावं त्याची त्यालाच आठवत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रत्येकात असते. विनोदी असो की प्रेमाचा, कुणीतरी मरतं आणि अंत्ययात्रा निघते. महाडात त्याला मयतवाला डायरेक्टर म्हणतात. त्याचा त्याला राग येत नाही. राग त्यानं दुसरीकडे राखून ठेवला होता.

पोलादपूरच्या डोंगरात, उमरठच्याही पुढे, त्याची वाडी. बाप सयाजी शेतातल्या रस्त्यावरून गावकीविरुद्ध पोलिसांत गेला, म्हणून गावकीनं घर वाळीत टाकलं. निवाडा सांगितला जानूनं, म्हणजे सयाजीच्या सख्ख्या चुलतभावानं. वर्षभरात सयाजी गेला. बारावीतला प्रवीण खांद्यासाठी दारोदार फिरला. दारं उघडली नाहीत. शेवटी त्यानं आणि आई प्रयागबाईनं प्रेत टेम्पोत घालून महाडला नेलं. अशांना माफ करावं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बापाला खांदा मिळालेला असतो.

पुढे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला, गावकी नरमली आणि जानूकाका "कसा हायस रे?" म्हणत बोलू लागला, जणू मधे काही घडलंच नाही. प्रवीणही हसून बोलायचा. यंदा त्यानं काकाला गावच्या कारभाऱ्याची भूमिका देऊ केली. गावच्या मुंबईतल्या मंडळातले सगळे बघणार म्हटल्यावर म्हातारा हरखला. गुळगुळीत दाढी करून, कोरी टोपी घालून, गावकीतल्या आणखी तिघांना घेऊन आला.

शूटिंग प्रवीणच्याच दारात होतं. अंगणात तिरडी बांधून ठेवलेली बघून काका थबकला.

"जित्या घरातून तिरडी काढायची? बरं नाय ते."

"निघू द्या, भावजी," पडवीतून प्रयागबाई म्हणाली. "या घरातून एक निघायची राहिलीच हाय."

काकानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मंडळात दिसायचं होतं ना.

तिरडीवर पांढऱ्यात गुंडाळलेला बाहुला होता. त्याच्या पोटात प्रवीणनं सावित्री नदीतले गोटे भरले होते. चौघांनी तिरडी उचलली, ओढ्यापलीकडच्या स्मशानापर्यंत नेली.

"काका, खांदा नीट दिसला नाही. पुन्हा."

पुन्हा नेली. मग टोपी आडवी आली. मग मागच्याची पावलं चुकली. ऊन चढलं, म्हाताऱ्यांचे सदरे घामानं चिकटले, तरी प्रवीण गोडीनं "पुन्हा" म्हणत राहिला. त्याला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

अखेर जानूकाकानं तिरडी अंगणात टेकवली आणि खांदा चोळत धापा टाकत म्हणाला, "काय भरलंस रे हिच्यात? सयाजी एवढा जड नव्हता."

"तुम्हाला काय ठाऊक, काका?" प्रवीण म्हणाला. "तुम्ही कुठं उचललात त्यांना?"

बाकीचे तिघे जमिनीकडे बघत राहिले. प्रयागबाई पडवीतून उठून उभी राहिली.

"पुन्हा दारापासून," प्रवीण म्हणाला.

जानूकाका वाकला आणि त्यानं बांबूखाली खांदा दिला.