जयंतीचा हात

माझ्याच दस्तीनं माझे डोळे बांधले होते. दुकानात मोटारीचं ग्रीस पुसायची दस्ती ती. नाकात तोच वास.

"आता नीट ऐक," डॉक्टर म्हणाले. "आधी एक वायर, मग दुसरी. इंपोर्टेड कोणती ते ओळखायचं."

पोखर्णी रोडवरचं त्यांचं फार्महाऊस. रविवारची दुपार. डॉक्टर बास गिटार मांडीवर घेऊन बसलेले, ड्रमवर प्रोफेसर, सोफ्यावर त्यांचे मित्र आणि मित्रांच्या बायका. मी मधोमध, प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

डॉक्टरांनी एक सूर छेडला. धूऽम. मग गिटारीच्या वायरीचा जॅक काढल्या-खोचल्याची खटखट. पुन्हा तोच सूर. धूऽम.

मला काडीचा फरक कळला नाही. पण तसं म्हणायला छाती लागते, आणि मला त्या सोफ्यावर जागा पाहिजे होती. मी मान डोलावली. जाणकार माणसासारखा वेळ घेतला.

"पहिल्या वायरीत गोडवा हाय सर," मी म्हणालो. "पर दुसरीत खोली हाय. दुसरी इंपोर्टेड."

घर हसलं. दस्ती सोडली तर डॉक्टरांच्या हातात एकच वायर. दुसरी नव्हतीच. तीच काढून तीच खोचलेली.

"जयंतीचे कान!" प्रोफेसर म्हणाले. "डीजेपुढं नाचून नाचून पडदे गेलेत याचे."

आणखी हशा. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. स्वतःवर हसायला मला कुणी शिकवायची गरज नाही, पण त्या दिवशी मी स्वतःवर हसत नव्हतो. त्यांच्या वतीनं हसत होतो. दोन्हींत फरक आहे. तो मला चार महिन्यांनी कळला.

मी पालमचा. एसटी स्टँडजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार आणायची, मी तांब्याची तार नव्यानं भरून देतो. डॉक्टरांची आणि माझी ओळख अशीच, त्यांच्या बोअरच्या मोटारीपायी. मोटार बसवली, हात धुतले, तर आतून घूंऽऽ असा आवाज. बघितलं तर भिंतीवर चार बास गिटारी टांगलेल्या, एकेकीवर स्वतंत्र दिवा. खाली त्यांचा आवाज मोठा करणारा कपाटाएवढा ॲम्प. तोच कण्हत होता.

"सर, ह्याची अर्थिंग कुठाय?"

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. हाडांचे डॉक्टर ते. माणसाची हाडं बसवतात, घराची बसवायची राहिली होती.

मी घरामागं खड्डा खणला. तांब्याची प्लेट पुरली, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, वायर आणून जोडली. घूं बंद. डॉक्टर खूश. त्या खुशीत माझं तोंड उघडलं.

"सर, मी पण बास वाजवतो."

"कुठं?"

"आमच्या गल्लीत. भीमगीतांची पार्टी हाय आमची."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. त्या अच्छानंतर त्यांना माझं आडनाव विचारायची गरज उरली नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी मी गिटार घेऊन गेलो. युरियाच्या पोत्यात घालून, एसटीनं. परभणीतला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा घेतलेली गिटार. तारांचा आवाज उचलणारी तिची कॉइल मेलेली होती. जुन्या स्टार्टरमधली केसासारखी बारीक तार उकलून मी ती हातानं पुन्हा वेढली. वेढे मोजताना गिऱ्हाईक आलं की आकडा विसरायचो, परत पहिल्यापासून. तारा मंदावल्या की दुकानातल्या चहाच्या पातेल्यात उकळतो. मळ सुटतो, आवाज परत येतो. त्या दिवशीचा चहा लोक निमूट पितात.

मी आधी वायर न लावताच वाजवलं. प्रोफेसर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि रविवारी उरलेलं सगळं. त्यांनी डोकं तिरकं करून ऐकलं.

"हात चांगलाय रे. पण जयंतीचा आहे."

"म्हंजे सर?"

"म्हणजे रस्त्यावरचा. बास ऐकू यायचा नसतो बाळा. जाणवायचा असतो."

मी हे वाक्य पाठ केलं. आणि डॉक्टरांच्या ॲम्पला वायर लावायला वाकलो.

"थांब थांब," डॉक्टर म्हणाले. "तुझी ती घरी वेढलेली कॉइल याला नको. काही उडलं तर पार्ट परदेशातून येतो."

माझ्यासाठी वेगळा स्पीकर निघाला. शाळेतल्या प्रार्थनेचा असतो तेवढा. तो ओसरीत, चपला काढतात तिथं. मीही तिथंच बसायचो. आत एसी असल्यामुळं दार अर्धं लोटलेलं. फटीतून मला डॉक्टरांचा गुडघा दिसायचा, त्याच्या हालण्यावरून मी ताल धरायचो. तो गुडघाही चुकायचा. डॉक्टरांना गिटारीचं लाकूड कुठल्या जंगलातलं ते माहीत होतं. त्यावर ते पाऊण तास बोलायचे. चौथी मात्रा कुठं पडते, ते माहीत नव्हतं.

ज्याच्या घराची अर्थिंग मी केली, त्याच्या ॲम्पला मी चालत नव्हतो. आज हे एका ओळीत लिहितोय. तेव्हा मी स्वतःला सांगायचो, टेक्निकल कारण आहे.

इकडं गल्लीत सुमनअक्का. अंगणवाडीत मदतनीस, आमच्या पार्टीची गायिका आणि मालकीण. माझ्या हातात जे काही आहे ते तिनं घातलेलं. गिटारीला तिनं कधी बोट लावलं नाही. फरशीवर टाच आपटून शिकवायची. "हितं दोन टाक. आता थांब. थांब म्हनलं ना! आता असं टाक की बसलेला मानूस उठला पायजे." मी चुकलो की टाच माझ्या पायावर.

एका तालमीला मी तिला माझं नवं ज्ञान दिलं.

"अक्का, बास ऐकू यायचा नसतो. जाणवायचा असतो."

"मंग तू वाजवूच नको," अक्का म्हणाली. "आमाला जाणवंल."

पार्टी लोळून हसली. मला राग आला. गावंढळ लोक, मी मनात म्हणालो. हो, मीच म्हणालो. जळक्या मोटारी भरून पोट भरणारा मी. त्या महिन्यात मला दुकानात वाजणारी गाणीसुद्धा खटकायला लागली होती. गिऱ्हाईकांना न समजणारी इंग्रजी गाणी लावून बसायचो. मलाही समजत नव्हती.

एप्रिल आला. डॉक्टरांच्या परभणीतल्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला बँडचा कार्यक्रम ठरला. "तूही आहेस," डॉक्टर म्हणाले. प्रोफेसर मागून म्हणाले, "फक्त तोवर तिकडं वाजवू नको. महत्प्रयासानं हात जरा सुधारलाय."

तिकडं म्हणजे चौदा एप्रिलला. आमच्या गल्लीत. वर्षातला एक दिवस, ज्या दिवशी आमचा स्टेज आमचा असतो.

मी डाव्या हाताला बँडेज गुंडाळलं. "अक्का, मोटारीचा शॉक बसला. बोटं भाजली." अक्कानं हात हातात घेतला, फुंकर घातली, म्हणाली, "राहू दे लेका. जीव वाचला." त्या संध्याकाळी पार्टी बासशिवाय गायली. मी ओट्यावर बसून भाजल्याचा अभिनय केला. बायका येऊन विचारपूस करून गेल्या. एकीनं तर दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात दोन्ही हातांनी मोटार खोलत बसलो होतो. बाहेर अक्काचा आवाज आला. धांदलीत बँडेज उचललं, गुंडाळलं, हात पुढं करून बसलो.

अक्कानं माझ्या वाटणीची बुंदी काउंटरवर ठेवली. हाताकडं बघितलं.

"काल डावा होता," ती म्हणाली. आणि गेली.

एवढ्यावर माणूस शहाणा व्हायला पाहिजे. मी उद्घाटनासाठी काळा शर्ट शिवायला टाकला.

उद्घाटनाच्या दिवशी मी दुपारीच परभणीत पोचलो. दवाखान्याच्या हॉलमधल्या स्टेजची सगळी वायरिंग केली. चार वाजता डॉक्टर आणि प्रोफेसर मला मागं घेऊन गेले. स्टेजच्या मागं दवाखान्याच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सच्या मागं एक खुर्ची.

"तू इथं बस," प्रोफेसर म्हणाले. "सर पुढं उभे राहतील. त्यांची वायर नुसती दाखवायला. आवाज तुझा जाईल."

मी गिटारीचं पोतं खुर्चीला टेकवलं.

"लोक नाचले पाहिजेत रे. ते तुझं जयंतीचं वाजव."

चार महिने जो हात धुवायला लावला, तोच आता पाहिजे होता. फक्त त्याला माणूस जोडलेला नको होता.

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "सर, माझी वायर तुमच्या ॲम्पला?"

"आज चालेल," डॉक्टर म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. शिवलेला काळा शर्ट घालून मी फ्लेक्सच्या मागं बसलो आणि मला वाटलं, पोचलो.

पहिली दोन गाणी इंग्रजी. लोक ताटातल्या जिलेबीकडं बघत होते. तिसरं नाचायचं. मी अक्काची चाल टाकली. दोन टाक, थांब. आता असं टाक की बसलेला माणूस उठला पाहिजे.

उठले. फ्लेक्सच्या फटीतून दिसत होतं. खुर्च्या सरकल्या. सूटवाले नाचले, साड्या नाचल्या. डॉक्टर डोळे मिटून डुलायला लागले, बोटं भलत्याच तारांवर. प्रोफेसर ड्रमवरून माईकमध्ये ओरडले, "बासवर आपले लाडके डॉक्टर!" शिट्ट्या पडल्या.

दाराशी दवाखान्यात झाडू मारणारी एक मावशी उभी होती. हातात झाडू तसाच. तिची टाच फरशीवर पडत होती. दोन टाक, थांब. अगदी अक्कासारखी, एक केसही इकडं तिकडं नाही. आणि सगळा हॉल डॉक्टरांकडं बघत असताना ती एकटी इकडं तिकडं बघत होती. हे वाजवतंय कोण, म्हणून.

माझ्या हातावर फुंकर घालणारी बाई मला आठवली. तिला मी बँडेज दाखवलं होतं. आणि तिची टाच इथं फ्लेक्सच्या मागून फुकट देत होतो, डुलणाऱ्या एका ठोंब्याला.

गिटार चालू असताना जॅक उपटला तर फाट्कन आवाज होतो. म्हणून आधी गिटारीचं आवाजाचं बटण शून्यावर आणलं. मग जॅक काढला. हळूच. कुणाला त्रास नको.

हॉलमधून बास गेला. पोटातून वारं निघून जावं तसा. नाचणारे एकेक थांबले. ड्रम नुसते पत्र्यासारखे वाजत राहिले. आणि डॉक्टर? डॉक्टर डोळे मिटून वाजवत होते. आठ मात्रा. सोळा मात्रा. बोटं चालू, मान चालू, ओठ दाताखाली. आवाज गेल्याचं त्या माणसाला कळलंच नव्हतं. दोन वायरींतला फरक ऐकायला लोकांचे डोळे बांधणारा माणूस. पहिली मावशी हसली, मग हॉल हसला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

ते धावत मागं आले.

"काय झालं?"

"काढली सर."

"लाव परत! लवकर!"

"लावतो. पुढं उभा ऱ्हाऊन लावतो."

"डोकं फिरलंय का? तू वायरमन म्हणून आलायस इथं."

"वायरमनचं काम झालं सर. अर्थिंग चांगली हाय."

गिटार पोत्यात घातली आणि मागच्या दारानं न जाता स्टेजवरून, सगळ्यांसमोरून निघालो. इथं वर्णन थांबवलं असतं तर बरं झालं असतं. पण मीच अंथरलेल्या वायरीत माझाच पाय अडकला आणि मी गिटारीसकट गुडघ्यांवर आलो. बंडसुद्धा मला धड उभ्यानं करता आलं नाही. उठलो. पुढच्याच दारानं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात.

"चुकलं अक्का."

"चुकलंच," ती म्हणाली. ज्वारी निवडत होती, मान वर केली नाही. "कीबोर्डवाला डाव्या हातानं खर्ज भरायलाय आता. जागा न्हाई."

मी उभाच.

"आज कोणत्या हाताला हाय रे बँडेज?"

शेजारच्या बायका खदाखदा हसल्या. हे हसू माझं होतं. हक्काचं. ते मी घेतलं आणि घरी आलो.

अजून जागा नाही. मागायला गेलेलो नाही. रोज दुपारी दुकानाचं शटर पूर्ण वर करून, रस्त्याकडं तोंड करून वाजवतो. एसटीतली माणसं बघतात. ऐकू येतं त्यांना. ऐकू यायलाच वाजवतो.

मागच्या महिन्यात प्रोफेसरांचा फोन आला. डॉक्टरांची बोअरची मोटार पुन्हा जळाली होती, आणि कुठं तरी लग्नाचा कार्यक्रमही ठरला होता. "मनाला फार लावून घेतोस रे तू," ते म्हणाले. "गंमत होती ती. ये की रविवारी."

मी सांगितलं ते असं. मोटार दुकानात पाठवा, सगळ्यांची भरतो तशी भरून देईन. फार्महाऊसवर मी येत नाही. हात जयंतीचाच आहे, जयंतीचाच राहणार, आता तो कुणाकडून सुधारून घ्यायचा नाही. वाजवायला पाहिजे असेल तर मोठ्या ॲम्पला वायर आणि स्टेजवर पुढं जागा. कबूल म्हणून बोलावलं आणि ऐन वेळी पडदा लावला, तर मी भांडणार नाही. बसेन. वाजवेन. तुमचे लोक नाचायला लागतील, तुमचे डोळे मिटतील, आणि बरोबर तेव्हा मी जॅक काढेन.