मधुमालती आणि पहिली वाटी

अमरावतीच्या आमच्या फाटकावर मधुमालती आहे. आईने ती वलगावहून, माहेरच्या अंगणातून मुळासकट आणली आणि भर उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी घालून जगवली. संध्याकाळी पांढरी उमलणारी फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल. आमच्या वाट्याला जेमतेम लाल उरायची. ताजी फुलं समोरच्या काकू पहाटेच आकडीने ओढून न्यायच्या, देवासाठी. कधी विचारणं नाही. फांदी तुटली तर वर आम्हालाच ऐकवायच्या, की वेल छाटलेलीच बरी.

आम्ही बौद्ध. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची आणि पहिली वाटी काकूंकडे पाठवायची. एका गल्लीत राहतो, एकदा तरी तिने माझ्या हातचं खावं, एवढंच आईचं म्हणणं. काकू हसून वाटी घेत, आज उपास आहे, उद्या खाते म्हणत. वाटी लखलखीत घासून परत येई. आई तेवढ्यावरच खूश.

गेल्या वर्षी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पाहिलं. काकूंनी आमची खीर घरामागच्या नालीत ओतली आणि वर तांब्याभर पाणी टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येऊन आईला सांगितलं आणि वेल तोडायला विळा घेतला. आईने तो माझ्या हातून काढून घेतला. रात्री ती जेवली नाही.

पहाटे काकू आल्या तेव्हा आई फाटकात उरलेल्या खिरीची वाटी घेऊन उभी होती.

"फुलं ने. पन आधी माह्या समोर दोन घास खाय."

काकू पुटपुटल्या, अजून पूजा व्हायची आहे. आईने वाटी कठड्यावर ठेवली, त्यांच्या परडीतली फुलं मूठमूठ काढून आपल्या पदरात घेतली.

"मंग हे फुलं बी नाई चालत तुह्या देवाले. हे वेल माह्याच हातचं पानी पेते."

काकू रिकामी परडी घेऊन गेल्या. आईने मात्र कठड्यावरची वाटी तशीच उचलून आत नेली, आणि मला काकूंचा अजूनच संताप आला.

यंदा फाटक पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलं होतं. पौर्णिमेला आईने पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली. इतकी वर्षं ती वाटी कुठे जात होती ते आठवलं, आणि मी उचललेला चमचा परत वाटीत ठेवला.