जहाजातलं सूप

हुलगे भाजल्याचा वास आला की मला गावच्या दूध सोसायटीतला टीव्ही आठवतो. दुष्काळात सोसायटीचं दूध आटलं होतं, पण दर रविवारी मी आणि थोरली बहीण तिथं अंतराळाची मालिका बघायला जायचो. त्यातली माणसं अंतराळ जहाजात घराची वाट चुकलेली आणि दर भागात वाफाळतं सूप पीत बसलेली. घरी हुलग्याचं पातळ माडगं वाटीत ओतताना बहीण म्हणायची, "जहाजातलं सूप हाय, गप पी." ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आगाऊ पैसे जोडीलाच मिळतात, म्हणून त्या साली दसऱ्याआधीच तिचं लग्न उरकलं. ट्रकमध्ये चढताना ती म्हणाली, "ती माणसं घरी पोचतेत का बघून ठेव, आल्यावर सांग." ती माणसं पोचली. शेवटच्या भागात सगळी अंगणात बसून सूपच प्यायली. पाडव्याला बहीण आली, तेव्हा माडग्याची वाटी तिच्या हातात देऊन मी सगळं सांगितलं. घट्टे पडलेल्या हातांत वाटी धरून ती बराच वेळ फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "परत कवा निघायचंय त्यांला?" मी तिच्या वाटीत आणखी माडगं ओतलं. पुढं एका हंगामात ती उसाच्या फडातच वारली. आता माडगं उकळायला लागलं की मी गॅस बारीक करते आणि हळूच म्हणते, न्हाई ताई, आता कुठंच जायचं न्हाई.