नळीतलं पांढरं
दूध नासलं की मी पातेलं पटकन मोरीत ओतते, त्याच्याकडे बघत नाही. सत्तरच्या दशकात मूतखड्याचा संशय आला म्हणून ताईच्या मूत्रपिंडाचा एक्स-रे फोटो काढायला आम्ही दोघी निफाडहून एसटीने नाशिकला गेलो होतो. फोटोत मूत्रपिंड नीट दिसावं म्हणून शिरेतून एक औषध द्यायचं होतं. थंडगार टेबलावर झोपल्यावर ताईला मळमळू लागलं, म्हणून सिस्टरने हाताला लावलेल्या नळीतूनच उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग डॉक्टरांनी त्याच नळीतून फोटोचं औषध सोडलं, आणि नळीत नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या. डॉक्टरांनी लगेच सुई काढली. "दोन्ही औषधं चांगलीच आहेत, पण एकमेकांत मिसळायची नसतात," ते म्हणाले. "आत काही गेलेलं नाही, घाबरू नका. दुसऱ्या हातातून देऊ." ताईने दुसरा हात पदराखाली घेतला. "माझ्या रक्तात असं झालं तर? नको. चल, घरी जाऊ." डॉक्टरांनी समजावलं, मी विनवलं, घरी आल्यावर आई रडली, पण ताई परत गेली नाही. आतला खडा वाढत राहिला. अंगावर सूज आली तेव्हा उशीर झाला होता, आणि द्राक्षांची काढणी व्हायच्या आत ती गेली. परवा माझ्या स्कॅनच्या वेळी तिथल्या मुलीने दोन औषधांच्या मध्ये नळीतून थोडं सलाईन सोडलं. "हे कशाला गं?" मी विचारलं. "आधीचं औषध धुऊन जातं, आजी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "दुखतंय का?" मी हो म्हटलं.