पाचवा वाटा

अशा सदरांतले भुताखेताचे अनुभव मी पूर्वी हसतच ऐकायचो. बायको वाचून दाखवायची आणि तिचं संपायच्या आत मी त्याचं 'वैज्ञानिक कारण' सांगून मोकळा... हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे ती खोडच आहे. शिवाय आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. नवस, अंगारे-धुपारे, भूतखेत यांना आमच्या उंबरठ्याच्या आत जागाच नव्हती. माझी भीती जावी म्हणून वडील मला लहानपणी मुद्दाम मसणाकडच्या वाटेने किराणा आणायला पाठवायचे. ती भीती गेलीही होती. थेट २००४ च्या मे महिन्यापर्यंत.

आम्ही चौघे शाळासोबती. विलास आणि मी गोंदियात राहतो, राजू सडक अर्जुनीत, आणि धनलाल त्याच तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतो. (मित्रांची नावं बदलली आहेत.) हायवे सोडून पाचेक किलोमीटर आत गेलं की धनलालचं गाव लागतं. त्याच्या शेतात एक बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला पाळ घालून केलेलं लहानसं तळं. मे महिन्यात ती आटते, पाणी जेमतेम छातीपर्यंत उरतं, आणि दर सुटीत आम्ही तिथे मासे धरायला जमायचो. वर्षाचा तो एक दिवस आमचा असायचा... बायका-पोरं, नोकरी, सगळं घरी ठेवून.

त्या दिवशी धनलालच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. तो पाण्यात उतरलाच नाही, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली भात रांधत बसला. साडेदहाच्या सुमारास आम्ही तिघे उतरलो. जाळं लांबलचक, दोन टोकांना दोन-दोन माणसं लागतात. एकाने वरची दोरी धरायची, दुसऱ्याने खालची पायाने चिखलात दाबत न्यायची, नाहीतर मासे खालून निसटतात. एका टोकाला मी आणि राजू होतो. दुसऱ्या टोकाला विलास.

आता लिहिताना हे सरळ दिसतं, की विलास एकटा होता. पण त्या दिवशी ते माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण तो एकटा *दिसत* नव्हता. उन्हाने पाणी चमकत होतं. त्या चकाकीत विलासच्या पलीकडे मला आणखी एक डोकं दिसत होतं, हनुवटीपर्यंत पाण्यात. मला वाटलं, धनलालला काही राहवलं नाही, आला शेवटी. जाळंही सरळ येत होतं, खालची दोरी कुठेच उचलली गेली नाही. तीन फेऱ्यांत मरळ, मागूर, दोन मोठे रोहू... इतकी मासळी आम्हाला कधी मिळाली नव्हती.

वाटे घालायची तिकडची रीत अशी: एकाने सारखे ढीग लावायचे, दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं. ढिगावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठमोऱ्याने न बघता नाव घ्यायचं. म्हणजे कुरकुर नको. राजूने ढीग लावले, विलास पाठ करून उभा राहिला. पहिला त्याने धनलालला दिला, दुसरा राजूला. तिसऱ्याला "मास्तरचा" म्हणाला. मला सगळे मास्तरच म्हणतात. चौथा स्वतःचा. राजूने पुढे बोट ठेवलं आणि विचारलं, "हा?"

"त्याचा," विलास म्हणाला.

"कोनाचा?"

विलास वळला आणि पाण्याकडे बघायला लागला. "माह्या संगं होता ना तो. धनलालच्या गावचा. कुठी गेला?"

राजूने पाच ढीग का लावले, हे त्यालाही सांगता आलं नाही. आपण पाचच होतो ना, एवढंच तो म्हणत राहिला. धनलाल चुलीपाशी उभा, हातात भाताचा डाव, आणि चेहरा उतरलेला. तो सकाळपासून तिथून हललाच नव्हता. त्याला पाण्यात तीनच माणसं दिसली होती. विलासने सांगितलं की तो माणूस अख्खा वेळ एकच वाक्य बोलला होता, 'माहा वाटा ठेवजो', आणि विलास हो म्हणाला होता.

मला राग आला. भीतीचा राग असतो ना, तसा. उन्हाने डोकं फिरलंय सगळ्यांचं, असं म्हणून मी पाचवा ढीग उचलला आणि माझ्या थैलीत टाकला. कोणाला हवा असेल त्याने गोंदियाला येऊन घेऊन जावा, असंही वर बोललो. आज हे आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

"मास्तर, राहू दे," धनलाल म्हणाला. "जाळ्याले हात लागला का वाटा लागतेच."

मी ऐकलं नाही.

साडेतीनला आम्ही निघालो. मोटारसायकल मी चालवत होतो, विलास मागे, थैली हँडलला. हायवेला लागलो तरी गाडी ओढेना. विलास माझ्या पाठीला इतका चिकटला होता की मला धड श्वास घेता येईना. मी म्हटलं, जरा मागे सरक. पुन्हा म्हटलं, तेव्हा तो अगदी कानाशी हळूच म्हणाला, "मागं जागा नाही."

मी करकचून ब्रेक मारला. मागे विलासच होता, एकटा, डोळे गच्च मिटलेले. जेवणाआधी त्याने कोरडा शर्ट घातला होता, माझ्यासमोर. पुढून तो कोरडाच होता. पाठीमागून मात्र चिंब, मानेपासून कमरेपर्यंत, आणि त्याला बोडीच्या चिखलाचा वास येत होता. ट्रक जात-येत होते म्हणून धीर तरी धरला, नाहीतर मी गाडी तिथेच टाकून पळालो असतो.

विलासला घरी सोडलं. रात्री त्याला ताप भरला, आणि त्याने बोलणं बंद केलं. वाचा गेली म्हणावं तर तसं नाही. ओठ आवळून धरायचा, दोन्ही हातांनी तोंड दाबायचा. डॉक्टर म्हणाले, "धूप लग गई है." दुसऱ्या दिवशी त्याची बायको रडत आली, "भाऊजी, बोडीवर काय झालं ते खरं सांगा." आमच्याकडे तो वाटा रात्रीच शिजला होता आणि आम्ही तो खाल्लाही होता.

मग विज्ञानाच्या या मास्तराने काय केलं? बाजारातून बर्फातली मासळी घेतली, तेवढीच, आणि बसने धनलालचं गाव गाठलं. पाण्याच्या कडेला ढीग लावला, हात जोडले, माझ्या मित्राला सोड म्हणालो. मोठ्याने म्हणालो. रात्री धनलालकडेच राहिलो. सकाळी जाऊन पाहिलं तर ढीग तसाच. कावळ्याने टोचला नाही, कुत्र्याने ओढला नाही, साधी मुंगीसुद्धा लागली नव्हती. धनलालने माझा दंड धरून मला तिथून मागे ओढलं.

चौथ्या दिवशी विलासचा ताप उतरला आणि त्याने पेज मागितली. काय झालं होतं ते मात्र त्याने सांगितलं नाही. धनलालच्या म्हाताऱ्या वडिलांना मी खोदून खोदून विचारलं. त्या बोडीत कधीच कोणी बुडालं नव्हतं. पुढे जेसीबी लावून ती खोल केली तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून पाळीवर दिवसभर उभा राहिलो. काहीतरी निघेल आणि निदान कारण तरी कळेल असं वाटत होतं. नुसता गाळ निघाला.

२०१५ मध्ये गोंदिया स्टेशनवर विलास आणि मी उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. अकरा वर्षांत त्याने तो विषय काढला नव्हता. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून आपणहून बोलला.

"तो गाडीवर बसला होता, मंग खाटेशी. एकच विचारून राहिला होता. माहा वाटा कोनं नेला, त्याचं नाव सांग. तोंड उघडलं असतं त तुहं नाव निघालं असतं."

चार दिवस तापात फणफणत त्याने तोंड दाबून धरलं होतं, ते माझ्यासाठी. मी तिथेच प्लॅटफॉर्मवर रडलो. मग हळूहळू लक्षात आलं की त्या दिवशी बोडीवर माझं नाव कोणीच घेतलं नव्हतं. नुसतं मास्तर.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. एवढंच कळतं की विलासने सांगितलं नाही, आणि तो वाटा अजून माझ्याकडेच निघतो. म्हणून संपादकांना विनंती केली आहे... या लिखाणाखाली माझं नाव छापू नका.