दोन महिन्यांची पाहुणी

परदेशात येऊन धाकटीला तीन वर्षं झाली होती, पण स्वतःच्या कुलपाची किल्ली अजून हाती आली नव्हती. ती, नवरा आणि चिमणी, म्हणजे त्यांची लेक, थोरल्या दिरांच्या, म्हणजे दादांच्या, घरी मागच्या खोलीत राहत. आले तेव्हाच दादा म्हणाले होते, "भावाभावांत कसला आलाय कागद!" किती बरं वाटलं होतं तेव्हा. धाकटीही उजळणी केल्यासारखी सगळ्यांना ते सांगायची.

आता बसच्या शेवटच्या थांब्याशी दोन खोल्यांचं घर भाड्यानं निघालं होतं. चिमणीची शाळा समोर, स्वयंपाकघराला खिडकी. अर्ज शुक्रवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा होता.

गुरुवारी दोघी जावा टेबलावर कागदांचा पसारा मांडून बसल्या. पगाराच्या स्लिपा, पासपोर्टच्या झेरॉक्स, नवऱ्याच्या गोदामाचं पत्र, धाकटी जिथे कपडे आखूड-लांब करून देते त्या दुकानाच्या मालकिणीचं पत्र.

"कोपरे जुळव गं," वहिनी म्हणाल्या. "इथं कागद बघून माणूस ओळखतात."

"मग मला लगेच ओळखतील. पॅण्टची शिवण वाकडी गेली तर मला झोप येत नाही."

"तुला तशीही कुठे येते? घराची स्वप्नं बघतेस जागेपणी!"

दोघी खळखळून हसल्या. एकच कागद राहिला होता, मागची दोन वर्षं कुठे राहिलात ते सांगणारा. दादांनी बंद पाकीट आणून दिलं. "थेट ऑफिसात द्यायचं. उघडायचं नसतं." धाकटीनं ते देवाच्या तसबिरीपुढे ठेवलं, हात जोडले आणि मगच फाइलीत घातलं.

शुक्रवारी सकाळी भाड्याच्या घरांच्या ऑफिसात एजंट बाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"माझा भाऊ व त्याचं कुटुंब दोन महिन्यांपासून माझ्याकडे पाहुणे म्हणून आहेत. याहून अधिक मला सांगता येणार नाही."

खाली दादांची वळणदार सही. खोटं लिहिताना देव कुणाचा हात लगेच धरत नाही, हेच खरं. धाकटीनं तीनदा वाचलं. तिनं रंगवलेली भिंत, घासलेलं बेसिन, चिमणीचं पहिलं पाऊल, सगळं त्या दोन ओळींत गडप झालं होतं.

"दोन वर्षांचा पुरावा नसेल तर अर्ज पुढे जाणार नाही," एजंट बाई म्हणाल्या. "दुसरं काही असलं तर बाराच्या आत आणा."

घरी दादा कामावर निघायच्या आधीचा चहा घेत होते.

"दादा, आम्ही पाहुणे?"

त्यांनी कप खाली ठेवला नाही. वहिनीच बोलल्या. "अगं, आमच्या भाडेकरारात दोघंच आहोत. मालकाला कळलं तर आम्हालाच बाहेर काढेल."

"मग काल का नाही सांगितलंत? माझ्याशेजारी बसून कागद लावत होतात!"

"तू इतकी खुशीत होतीस..."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच नाडी.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दादानं वाचून दाखवलं होतं. म्हटलं, ऑफिसवाले कुठे एवढं बघतात."

जाऊ-दिरांचं एक वेळ समजलं असतं, त्यांना त्यांचं छप्पर राखायचं होतं. पण या माणसाशेजारी बसून तिनं रात्री पडदे कुठले घ्यायचे ते ठरवलं होतं, आणि तो "निळे घे" म्हणाला होता.

ती मागच्या खोलीत गेली. कपाटातून चिमणीचं लसीचं कार्ड काढलं. पत्ता याच घराचा, तीन वर्षांच्या तारखा, प्रत्येकीपुढे दवाखान्याचा शिक्का.

"हे देऊ नकोस," दादा प्रथमच उठून उभे राहिले. "चौकशी झाली तर आम्ही रस्त्यावर येऊ."

"तुमच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. विचारलं तरच खरं सांगेन. पण माझे दिवस मी पुसून देणार नाही."

"थांब ना," नवरा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू. दादाचा विचार कर."

"माझा कुणी केला?"

तो दादांकडे बघत राहिला. तिनं तेवढं पाहिलं आणि फाइल उचलली.

बाराला दहा कमी असताना एजंट बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे चालेल. आणि तुमच्या यजमानांची सही?"

"ते येत नाहीत." धाकटीनं त्यांच्या स्लिपा फाइलीतून बाहेर काढल्या.

"एकट्या पगारावर दोन खोल्या नाही बसायच्या, बाई. त्याच इमारतीत एका खोलीचं आहे. खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते."

"शाळा?"

"शाळा तीच."

धाकटीनं नवा अर्ज मागितला. राहणारे किती, या रकान्याशी पेन जरा थांबलं. मग तिनं ठळक अक्षरात लिहिलं, दोन.